धोंड कोण सारणार?

माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. कागदोपत्री नाव वानलेस हॉस्पिटल, पण कर्नाटकातून, कोकणातून, जत-आटपाडीकडून येणारे पेशंट स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला 'मिशनला सोड' एवढंच सांगायचे. आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटचं अंग पुसणं ही तिची कामं. त्यात तिनं आपण होऊन एका कामाची भर घातली होती. उद्या ऑपरेशन आहे आणि सोबत कुणी नाही अशी बाई वॉर्डात असली, की पाळी संपल्यावरही आई तिच्या खाटेशी तासभर बसून राहायची. घरी आम्ही वाट बघत असू. उशीर का झाला विचारलं, की 'बसले होते जरा' एवढंच उत्तर.

मिरजेच्या त्या दवाखान्याचा इतिहास सांगताना डॉक्टर विल्यम वानलेस यांचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. कॅनडात जन्मलेला हा माणूस १८८९ साली इकडे आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला, मग मिरजेत आला. संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. क्षयरोग्यांसाठी सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर वेगळं आरोग्यधाम झालं, त्या भागाला आजही वानलेसवाडी म्हणतात. हे सगळं मोठं काम आहे. पण वानलेससाहेबांनी टाका घातल्यावर रात्री त्या पेशंटला कूस बदलायला कुणी मदत केली, शुद्धीवर येताना ओठ कुणी ओले केले, घरी चार पोरं टाकून आलेल्या बाईचं रडणं कुणी ऐकून घेतलं, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. ती माणसं मिरज, बेडग, आरग, म्हैसाळ अशा गावांतली होती. काही ख्रिस्ती, पुष्कळ हिंदू, काही मुसलमान. माझा विश्वास असा, की त्या हॉस्पिटलचा निम्मा कारभार परमेश्वरानं त्यांच्या हातून चालवला.

रिटायर झाल्यावर आई चर्चच्या महिला मंडळाबरोबर मिरजेतल्याच रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटलात जायची. सुट्टीत माहेरी आले की मलाही बरोबर न्यायची. तिथली एक दुपार मला फार नीट आठवते. जतकडची एक बाई होती, चाळिशीची. औषधांचा कोर्स पूर्ण झालेला, आता तिच्यापासून कुणाला काही धोका नव्हता. पण पायांची संवेदना गेलेली ती गेलेलीच. अशा पायांची निगा रोज राखावी लागते. आधी पाय साध्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवायचे, मऊ झालेली जाड कातडी दगडानं हळूहळू घासायची, मग ओल्या पायालाच तेल लावायचं, म्हणजे ओलावा आत राहतो आणि भेगा पडत नाहीत. पायात खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून तळवा रोज डोळ्यांनी तपासायचा. चपलासुद्धा वेगळ्या, मऊ रबराच्या तळाच्या.

त्या बाईला वाकून स्वतःचा तळवा दिसत नव्हता, बोटंही आखडलेली. आई बादलीसमोर पाट टाकून बसली, तिचा पाय पदरावर घेतला आणि दगडानं घासता घासता तिच्या गावची बाजरी यंदा कशी आलीय ते विचारू लागली. बाई गप्पच होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आक्का, तुमचा हात लागल्यालं पायाला कळत न्हाई. पण तुम्ही धरलाय ते दिसतंय की."

आई हसली आणि तिनं दुसरा पाय घेतला.

रोग जंतूंनी होतो आणि त्यावर औषध आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी बहुविध औषधोपचार आले आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. त्या बाईचं खरं नुकसान जंतूंनी केलं नव्हतं. नवऱ्यानं तिला बरं झाल्यावरही घरात घेतलं नव्हतं, आणि कायदाही त्याच्या बाजूचा होता. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होतं. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा ब्रिटिश कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. वाईटाचं हे रूप मला सगळ्यात भयंकर वाटतं. कुणी कुणाला मारत नाही, शिवी देत नाही, फक्त एका माणसाला बाजूला काढून ठेवतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. आईला तो कायदा बदलता येणार नव्हता, त्या नवऱ्यालाही नाही. कायदा बदलणारे लोक लागतात, आणि ते काम करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. पण कायदा बदलेपर्यंतच्या सगळ्या दुपारी त्या बाईला काढायच्या होत्या, आणि त्यातल्या काही दुपारी तिचा पाय कुणीतरी पदरावर घेतला.

लग्न होऊन मी साताऱ्याला आले. यजमान शिक्षक, पुढे मीही शाळेत लागले. जागा शोधताना दोन-तीन ठिकाणी नाव सांगितल्यावरही सगळं ठीक असायचं. आडनावावरून काही कळायचं नाही, पण 'तुमच्यात कुठला देव?' असं विचारलं की आम्ही खरं सांगायचो आणि मग जागा अचानक पाहुण्यांसाठी ठेवायची निघायची. शेवटी मंगळवार पेठेत एका माळकरी बाईंनी दोन खोल्या दिल्या. घरात कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या बाई. म्हणाल्या, "आत काय शिजवता ते मी बघायला येणार नाही. पोरं आजारी पडली तर रात्री-अपरात्री हाक मारायची, लाजायचं नाही." माझ्या थोरल्याला गोवर आला तेव्हा त्यांनी कडुनिंबाच्या डहाळ्या आणून दिल्या आणि विठ्ठलापुढं दिवा लावला. मी येशूपुढं गुडघे टेकले होते. आम्हा दोघींना त्यात काही अडचण वाटली नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना अगदी लहानपणी शिकवतो. वाटेवर लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला बघून निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला शोमरोनी. मुलांना आपण सांगतो की तुम्ही शोमरोन्यासारखे व्हा. पण प्रभूची गोष्ट ऐकणारे यहुदी होते आणि शोमरोनी त्यांच्या दृष्टीनं बाटगा, परका, विटाळ होणारा. म्हणजे ऐकणाऱ्यांची जागा त्या गोष्टीत रस्त्यावर पडलेल्या माणसाची आहे. जीव वाचवायला येईल तो परका असेल आणि त्याच्या हातून मलमपट्टी करून घ्यायची तुमची तयारी हवी, असं प्रभू सांगतो. हे मला कुठल्या प्रवचनातून कळलं नाही, मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत कळलं.

याच साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली शेवटची वर्षं काढली. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात बसू शकत होते. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार विस्कटला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मी अधूनमधून काढून वाचते. लोक त्यातल्या गमती सांगतात. मला त्यातल्या स्वयंपाकघराचं मोल जास्त वाटतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ज्या बाईचं जग मोडलं, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई पुढे कुणाचीही मुलं जवळ करते, प्लेगमध्ये माणसांची सेवा करते. तिचं मन एका दिवसात पालटलं नाही. रोज कुणाला तरी जेवायला वाढता वाढता पालटलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. २००५ चा पूर त्रेपन्न फुटांवर थांबला होता, त्याच हिशेबानं लोकांनी सामान माळ्यावर ठेवलेलं, ते माळ्यासकट गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गाव सोडणाऱ्यांची बोट उलटली आणि बायका-पोरं बुडाली. माझी धाकटी बहीण गावभागात राहते. रस्ते खुले झाल्यावर आम्ही साताऱ्याहून कराड, पेठ नाका करत पोचलो. घरात गुडघाभर गाळ. पुराचा गाळ नुसता चिखल नसतो. त्यात गटार असतं, डिझेल असतं, मेलेलं जनावर असतं, भिजून फुगलेल्या धान्याचा आंबूस वास असतो. ओली गादी चौघांना उचलत नाही. फावड्यानं गाळ ओढायचा, पाण्यानं ढकलायचा, की शेजारच्या घरातला गाळ परत आपल्या उंबऱ्याशी. त्याच दिवसांत पिण्याच्या पाण्याची बाटली चौपट दरानं विकणारेही होते आणि बंद घरांच्या कड्या तोडणारेही. पूर आला की माणसातलं सगळंच वर येतं.

तिसऱ्या प्रहरी गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. माण तालुक्यातली पोरं होती. दुरड्यांत भाकरी, वर ओलं फडकं, शेंगदाण्याची चटणी, कांदे. त्याच वर्षी उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या चालू होत्या. ज्यांची जनावरं मे महिन्यात छावणीत उभी होती त्यांच्या घरातल्या बायकांनी रात्रभर भाकरी थापल्या होत्या. एक पोरगा भाकरी हातात देता देता म्हणाला, "आमच्याकडं पाणी न्हाई, तुमच्याकडं लै झालं. देवाला वाटणी जमंना बघा." गाळानं माखलेल्या हातांनी आम्ही त्या भाकरी खाल्ल्या. माझ्या बहिणीला तोवर रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं.

पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बारावा अध्याय आहे. वाईटाला बऱ्यानं जिंकावं हा उपदेश त्याच्या शेवटी येतो आणि तोच सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधीची ओळ फार कमी लोकांच्या लक्षात राहते. वैरी भुकेला असेल तर काय करावं आणि तहानेला असेल तर काय करावं, हे पौल तिथं सांगतो. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी साधन कुठलं, तर जेवण आणि पाणी. हे पत्र ज्यांना गेलं ती माणसं गुलाम, कारागीर, छोटे दुकानदार. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच शहरात नीरोनं ख्रिस्ती लोकांना जाळलं. त्यांच्याकडं सैन्य नव्हतं, दरबारात वशिला नव्हता. तरी नीरो गेला आणि ती मंडळी राहिली. आजारी माणसाला न टाकणारी, परक्याला जेवू घालणारी, मेलेल्याला मूठमाती देणारी अशी ती माणसं होती. मला तर वाटतं, पौलानं परवडणारी गोष्ट सांगितली म्हणूनच ती टिकली. भाकरी कुणालाही जमते.

२०२१ च्या मे महिन्यात माझे यजमान कोरोनानं गेले. साताऱ्यात तेव्हा संगम माहुलीच्या कैलास स्मशानभूमीत चिता विझत नव्हत्या. आमच्यात दफन. मुलगा स्वतः पॉझिटिव्ह, बहीण सांगलीत अडकलेली, पाळकसाहेब विलगीकरणात. दवाखान्यातून देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिला तेव्हा माझ्याबरोबर कुणी नव्हतं. गाडी, फावडी आणि दोरखंड घेऊन चार पोरं आली. दोन मुसलमान, एक मराठा, चौथ्याची जात मी विचारली नाही. त्या काळात कुठल्याही धर्माचा देह त्यांनी परत पाठवला नव्हता. उन्हात ते पांढरे कोट घालून नखशिखांत घामानं भिजले होते. मला दूर उभं केलं होतं. देह खाली सोडल्यावर त्यांतला एक माझ्याकडं आला, लांबूनच म्हणाला, "काकू, तुमच्यात शेवटी काय म्हणतात? आम्हाला येत नाही, पण राहायला नको."

मी पाळकसाहेबांना फोन लावला. त्या पोरानं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतला, स्पीकर चालू केला आणि कबरीच्या कडेला गुडघ्यावर बसून हात आत लांब केला, म्हणजे आवाज खालपर्यंत जावा. प्रार्थना संपेपर्यंत त्यानं हात हलवला नाही. नंतर चौघांनी माती दिली. मी दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "डिझेलचं द्या गाडीच्या, बाकी नको."

वधस्तंभाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोन नावाचा माणूस येतो. शेताकडून गावात शिरत होता, शिपायांनी धरला आणि येशूचा वधस्तंभ वाहायला लावला. तो शिष्य नव्हता, त्यानं येशूचं एकही प्रवचन ऐकल्याचं लिहिलेलं नाही. पण प्रभूच्या खांद्यावरचं ओझं काही अंतर तरी ज्यानं घेतलं तो हा परका माणूस. शिष्य त्या वेळी पळालेले होते. त्या चार पोरांनंतर मी उत्तम शुक्रवारी शिमोनाचं नाव ऐकते तेव्हा मला त्यांचे चेहरे दिसतात.

आणि पुनरुत्थानाच्या सकाळची हकीकत मार्कानं लिहिलीय ती बघा. बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडं निघाल्या. मेलेल्या देहाला लावायला. सत्ता जिंकलेली, देह थंड झालेला, कबरीच्या तोंडावर भली मोठी धोंड. ती धोंड आपल्यासाठी कोण सारणार, असं त्या वाटेत एकमेकींना विचारत होत्या. म्हणजे उत्तर त्यांच्याकडं नव्हतं, तरी निघाल्या होत्या. सगळ्या शुभवर्तमानात मला ही जागा सर्वांत जवळची वाटते. जगाच्या उलथापालथीची पहिली बातमी प्रभूनं पिलाताला पाठवली नाही, महायाजकाला नाही, पेत्रालाही नाही. मेलेल्या माणसाला तेल लावायला निघालेल्या बायकांना पाठवली. धोंड त्यांनी सारली नाही. त्या पोचल्या तेव्हा ती सरलेली होती. पण त्या घरी बसल्या असत्या तर त्यांना ते दिसलं नसतं. माझी आई, माणमधल्या भाकरी थापणाऱ्या बाया, ती चार पोरं, सगळी याच जातीची माणसं. धोंडीचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

अलीकडं दिवस बरे नाहीत. आमच्या घरी बुधवारी संध्याकाळी सात-आठ बायका प्रार्थनेला जमतात, त्यात निम्म्या विधवा. इथं धर्मांतर चालतं अशी बोलवा गल्लीतल्याच एका गृहस्थांनी उठवली. एका बुधवारी फाटकासमोर पंधरा-वीस तरुण येऊन उभे राहिले, घोषणा झाल्या, एकानं मोबाइलवर आमचं चित्रण केलं. म्हातारी माणसं थरथर कापत होती. चौकशी झाली, नावं लिहून घेतली गेली. बेकायदा काहीच नव्हतं, त्यामुळं पुढं काही झालं नाही. मला त्या दिवशी फार भीती वाटली आणि संतापही आला. आपल्याच गल्लीत चाळीस वर्षं राहून, शेकडो मुलांना बाराखडी शिकवून, शेवटी आपल्याच दाराशी अशी घोषणा ऐकायची. समोरच्या घरातली एक सून, जिच्याशी माझं फारसं बोलणंही नव्हतं, ती तेव्हा त्या घोळक्यातून वाट काढत आत आली, आमच्यात सतरंजीवर बसली आणि सगळे निघून जाईपर्यंत उठली नाही. घरी गेल्यावर तिला बोलणी बसली असणार. तिनं मला कधी सांगितलं नाही.

ज्यांनी ती बोलवा उठवली त्या गृहस्थांच्या पत्नी दिवाळीनंतर न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता सक्तीची विश्रांती. मुलं पुण्याला. गृहस्थांना चहापलीकडं काही करता येत नाही. मी आणि ती समोरची सून, आळीपाळीनं डबा देतो. त्यांच्या पत्नीला माझ्या हातची वांग्याची भाजी आवडते, तसा निरोप त्यांनी कामवालीबरोबर पाठवला. गृहस्थ दारात येतात, डबा घेतात, मान खाली घालून आत जातात. बोलत नाहीत. संध्याकाळी डबा घासूनपुसून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेला असतो. गुरुवारी दोघांनाही दत्ताचा उपास असतो, म्हणून बुधवारची प्रार्थना झाली की बायका घरी जायच्या आधी मला साबुदाणा निवडून देतात, आणि तो मी रात्री भिजत घालते.